नावे न सांगणारा गुप्तहेर

'द माल्टीज फाल्कन' हा चित्रपट १९४१ साली प्रदर्शित झाला. त्याला आठ दशके उलटून गेली, तरी त्याच्या शेवटाविषयी प्रेक्षकांत एकमत झालेले नाही. ज्या स्त्रीवर आपण बहुधा प्रेम करतो, तिलाच पोलिसांच्या हवाली करणारा सॅम स्पेड हा तत्त्वनिष्ठ माणूस म्हणायचा की थंड रक्ताचा व्यवहारी? या प्रश्नाचे थोडेफार उत्तर पडद्यावर नव्हे, तर ही कथा लिहिणाऱ्या डॅशिएल हॅमेट या माणसाच्या आयुष्यात सापडते. मात्र ते उत्तर वाटते तितके सरळ नाही.

काळ्या-पांढऱ्या रंगातले धुरकट कार्यालय, खिडकीच्या काचेवर उलटी दिसणारी नावाची अक्षरे, टेबलामागे बसून सिगारेट वळणारा हम्फ्री बोगार्ट आणि समोर मदतीची याचना करणारी एक देखणी, खोटारडी स्त्री. खासगी गुप्तहेराच्या चित्रपटांचे हे चित्र आज इतके रुळले आहे, की ते कुणीतरी प्रथम निर्माण केले असेल याचा विसर पडतो. जॉन ह्यूस्टन या तरुण पटकथाकाराने दिग्दर्शक म्हणून केलेला हा पहिलाच चित्रपट होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, तो इतर काही अमेरिकी चित्रपटांसोबत पॅरिसमध्ये पोहोचला. तेथील समीक्षकांनी या काळोख्या वळणाच्या चित्रपटांना 'फिल्म न्वार' असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले.

चित्रपटाविषयी आजही दोन प्रकारची मते ऐकू येतात. काहींना तो अतिशय बांधेसूद वाटतो. आर्थर एडेसनने खालच्या कोनातून टिपलेल्या दृश्यांत खोल्यांची छते पात्रांच्या डोक्यावर ओणवी येतात. वयाच्या साठीनंतर प्रथमच पडद्यावर आलेला सिडनी ग्रीनस्ट्रीट आपल्या अवाढव्य देहासह गोड गोड बोलत राहतो, आणि पीटर लॉरेच्या नुसत्या नजरेतून धूर्तपणा ठिबकतो. दुसऱ्या गटाला मात्र चित्रपटात बोलणे फार आणि घडणे थोडे वाटते. कोण कुणाला फसवतो आहे याचा पत्ता लागेपर्यंत अर्धा चित्रपट सरतो, मेरी ॲस्टरची नायिका भुरळ पाडण्याइतकी मोहक वाटत नाही आणि स्पेडचे स्त्रियांशी वागणे आजच्या नजरेला खटकते, अशा या गटाच्या तक्रारी आहेत. दोन्ही गटांचे भांडण अखेर एका प्रसंगापाशी येऊन थांबते, तो म्हणजे शेवटचा हिशेब. आपल्या भागीदाराचा खून याच स्त्रीने केला हे स्पेडला ठाऊक आहे. भागीदार त्याला फारसा आवडत नव्हता, उलट त्याच्या बायकोशीच स्पेडचे संबंध होते. तरीही तो तिला सोडत नाही. आपली कारणे तो एकामागून एक मोजून दाखवतो आणि दार उघडून पोलिसांना आत घेतो.

हा हिशेब ज्याने लिहिला, तो स्वतः एकेकाळी पगारी गुप्तहेर होता.

उघड्या डोळ्याची नोकरी

सॅम्युएल डॅशिएल हॅमेट याचा जन्म २७ मे १८९४ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एका शेतवाडीवर झाला. घरची माणसे त्याला सॅम म्हणत. पुढे आपल्या सर्वात प्रसिद्ध नायकाला त्याने हेच नाव दिले. बालपण फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर येथे गेले. घरची परिस्थिती ओढगस्तीची असल्याने चौदाव्या वर्षीच शाळा सुटली आणि निरोप्या, हमाल, कारकून अशी मिळतील ती कामे सुरू झाली. १९१५ साली, विशीत असताना, तो पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेच्या बाल्टिमोर कार्यालयात रुजू झाला.

ही साधीसुधी संस्था नव्हती. १८५०च्या सुमारास शिकागोत ॲलन पिंकर्टनने ती स्थापन केली. उघडा डोळा हे तिचे बोधचिन्ह होते. चोर, दरोडेखोर, अफरातफर करणारे कारकून यांचा माग काढणे हे तिचे काम होतेच. पण खाणमालक आणि कारखानदार यांच्या वतीने कामगारांचे संप मोडून काढण्यासाठीही ती कुप्रसिद्ध होती. १८९२ साली होमस्टेड येथील पोलाद कारखान्याच्या संपात पिंकर्टनची माणसे आणि कामगार यांच्यात झालेली रक्तरंजित चकमक अमेरिकी कामगार चळवळ कधी विसरली नाही.

माणसाचा पाठलाग कसा करावा, साक्षीदाराला बोलते कसे करावे, अहवालात काय लिहावे आणि काय गाळावे, हे हॅमेट येथे शिकला. भावनेला थारा न देता जे दिसले तेच नोंदवायचे, ही त्या अहवालांची शिस्त होती. पुढे त्याच्या गद्याची जी तारीफ झाली, तिचे मूळ या कचेरीतल्या टिपणांत आहे असे अनेक अभ्यासक मानतात.

याच नोकरीशी एक काळी आठवण जोडलेली आहे. १ ऑगस्ट १९१७ रोजी मोंटाना राज्यातील ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावात फ्रँक लिटल या कामगार नेत्याला मध्यरात्री खोलीतून ओढून नेऊन पुलावर फासावर लटकवण्यात आले. या खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. लिटलला ठार मारण्यासाठी आपल्याला पाच हजार डॉलर देऊ करण्यात आले होते आणि आपण ते नाकारले, असे हॅमेट सांगत असे, अशी नोंद त्याची दीर्घकाळची सखी, नाटककार लिलियन हेलमन हिने आपल्या आठवणींत केली आहे. हेलमनच्या आठवणींच्या विश्वासार्हतेविषयी वाद आहेत आणि या प्रसंगाला अन्य दुजोरा नाही. परंतु त्या खाणगावाची छाया हॅमेटच्या लेखनावर पडली, याविषयी वाद नाही. 'रेड हार्वेस्ट' या त्याच्या पहिल्या कादंबरीतील खाणींचे सडलेले शहर ब्यूटवरूनच उभे राहिले, असे मानले जाते.

क्षयाने दिलेली लेखणी

१९१८ साली हॅमेट लष्कराच्या रुग्णवाहिका दलात भरती झाला. परदेशी आघाडीवर जाण्याचा योग आला नाही. मेरीलँडमधील छावणीतच त्याला त्या काळच्या जीवघेण्या इन्फ्लुएन्झाने गाठले आणि त्यातून क्षयरोग जडला. पुढची कित्येक वर्षे रुग्णालय आणि नोकरी यांच्यात हेलपाटे घालण्यात गेली. वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा येथील रुग्णालयात त्याची भेट जोसेफिन डोलन या परिचारिकेशी झाली. १९२१ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोघांचे लग्न झाले, आणि दोन मुली झाल्या.

पाठलागाची दगदग त्या छातीला झेपेना. १९२२च्या सुमारास गुप्तहेरगिरी कायमची सुटली. सैनिकांना मिळणारे तुटपुंजे अपंगत्व वेतन हाती येत असे, त्यात घर चालणे अशक्य होते. म्हणून हॅमेटने लिहायला घेतले. 'ब्लॅक मास्क' या स्वस्त, खरखरीत कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकात १९२३ साली त्याचा एक बुटका, जाडसर, मध्यमवयीन हेर अवतरला. या हेराला नावच नव्हते. तो एका संस्थेचा नोकर होता आणि आपले काम करत होता, इतकेच.

तोवरचा गुप्तहेर म्हणजे शेरलॉक होम्सच्या घराण्यातला. आरामखुर्चीत बसून राखेवरून चिरुटाची जात ओळखणारा आणि गुन्ह्याकडे बुद्धिबळाचा डाव म्हणून पाहणारा. हॅमेटच्या हेराला राखेवरून काही कळत नाही. तो दारोदार फिरतो, मार खातो, खोटे बोलतो, दोन गुंडांना परस्परांत झुंजवून देतो आणि कधी कधी स्वतःही त्या चिखलात बरबटतो. गुन्हा हा त्याच्या जगात अपवाद नसतो, पोलीस, राजकारणी, बँका आणि वर्तमानपत्रे या सगळ्यांना लागलेली ती बुरशी असते. हॅमेटने खुनाला दिवाणखान्यातून उचलून गल्लीत, म्हणजे जेथे तो खरोखर होतो तेथे आणून टाकले, अशा आशयाचे श्रेय पुढे रेमंड चँडलर या त्याच्या समर्थ वारसदाराने त्याला दिले.

क्षय संसर्गजन्य असल्याने पत्नी आणि मुलींनी काही काळ वेगळे राहावे, असा सल्ला आरोग्य खात्याच्या परिचारिकांनी दिला होता. हे वेगळे राहणे हळूहळू कायमचे झाले. दारू वाढली. १९२९ साली हॅमेट न्यूयॉर्कला गेला तो कुटुंबाला मागे ठेवूनच. पैसे कधी भरपूर येत, कधी महिनोन् महिने येत नसत. जी कादंबरी त्याने पत्नीला अर्पण केली, ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध होईपर्यंत तो संसारातून बाहेर पडलेला होता. ती कादंबरी म्हणजे 'द माल्टीज फाल्कन'.

काळा ससाणा

सप्टेंबर १९२९ ते जानेवारी १९३० या काळात ती 'ब्लॅक मास्क'मध्ये क्रमशः आली आणि १९३० सालीच नॉफ या प्रकाशनसंस्थेने ती पुस्तक म्हणून काढली. रत्नजडित ससाण्याच्या एका पुतळ्यामागे माणसे देशोदेशी भटकतात, खून पाडतात, आणि अखेरीस हाती लागतो तो शिशाचा नकली पक्षी. या कादंबरीची गंमत तिच्या सांगण्यात आहे. सबंध पुस्तकात कोणाच्याही मनात काय चालले आहे, हे लेखक एकदाही सांगत नाही. स्पेडचे हात काय करतात, डोळे कसे बारीक होतात, सिगारेट कशी वळली जाते, हे तेवढे दिसते. त्याच्या मनाचा निवाडा वाचकानेच करायचा. पिंकर्टनच्या अहवालाची शिस्त येथे कलेला पोहोचली. प्रेक्षकांचे आजचे भांडणही याच शिस्तीतून आले आहे. लेखकाने उत्तर दिलेलेच नाही, तर एकमत होणार कसे?

सॅम स्पेडला कोणी मूळ पुरुष नाही, असे हॅमेटने पुढे १९३४च्या आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत स्पष्ट केले. ज्यांच्यासोबत आपण काम केले, त्या खासगी हेरांना जसे असावेसे वाटे आणि काहींना गर्वाच्या भरात आपण आहोतच असे वाटे, तसा तो स्वप्नातला माणूस आहे, असा त्याचा आशय होता. पुस्तकातला स्पेड सहा फूट उंच, सोनेरी केसांचा, काहीसा सैतानी चेहऱ्याचा आहे. बुटक्या, काळ्या केसांच्या बोगार्टशी त्याचे काडीचेही साम्य नाही. तरीही आज पुस्तक उघडणाऱ्याला बोगार्टच दिसतो, यातच चित्रपटाचे यश आले.

कादंबरीचे चित्रपट हक्क वॉर्नर ब्रदर्सने १९३० साली साडेआठ हजार डॉलरला घेतले. ह्यूस्टनच्या आधी त्यावर दोनदा चित्रपट निघाले. १९३१ साली रिकार्डो कॉर्टेझ आणि बीब डॅनियल्स यांना घेऊन, तर १९३६ साली बेटी डेव्हिसला घेऊन आणि कथेची मोडतोड करून. दोन्ही आज अभ्यासकांपुरते उरले आहेत. ह्यूस्टनने वेगळे केले ते इतकेच, की त्याने पुस्तकावर विश्वास ठेवला. प्रसंगांचा क्रम आणि बहुतेक संवाद त्याने जसेच्या तसे उचलले. जॉर्ज राफ्ट या त्या वेळच्या मोठ्या नटाने नवख्या दिग्दर्शकाबरोबर काम करायला नकार दिला, म्हणून भूमिका बोगार्टकडे आली. १९४१च्या जून-जुलै महिन्यांत चित्रीकरण पूर्ण झाले, ऑक्टोबरमध्ये चित्रपट लागला, आणि उत्कृष्ट चित्रपटासह तीन ऑस्कर नामांकने त्याला मिळाली.

दोन गोष्टी मात्र ह्यूस्टनने वगळल्या, आणि हॅमेटच्या चरित्राच्या दृष्टीने त्या महत्त्वाच्या आहेत. पुस्तकात स्पेड नायिकेला एक गोष्ट सांगतो. टॅकोमाच्या एका सुखवस्तू गृहस्थाच्या अगदी शेजारी बांधकामाची तुळई कोसळते. आयुष्य इतके योगायोगाचे आहे हे कळून तो तडक घर, बायको, मुले सोडून निघून जातो, आणि काही वर्षांनी दुसऱ्या गावात पुन्हा अगदी तसाच संसार मांडतो. कथानकाशी तिचा काही संबंध नाही, म्हणून ती चित्रपटात नाही. पण ज्या लेखकाने क्षयाची तुळई अंगाशेजारी पडताना पाहिली आणि जो स्वतः घर सोडून गेला, त्याने ती पुस्तकात का ठेवली असेल, हे समजणे कठीण नाही.

दुसरी वगळलेली गोष्ट म्हणजे पुस्तकाचा खरा शेवट. चित्रपट संपतो तो नायिका लिफ्टच्या जाळीआड दिसेनाशी होते आणि ससाणा हातात घेऊन स्पेड जिना उतरू लागतो तेथे. पुस्तकात आणखी एक सकाळ आहे. स्पेड कार्यालयात येतो. त्याच्यावर निस्सीम विश्वास असलेली सचिव एफी हे सारे वर्तमानपत्रात वाचून बसलेली आहे. त्याने केले ते बरोबर होते, हे तिला पटते. तरीही तो जवळ येताच ती त्याचा हात झिडकारते. स्पेड बरोबर होता की चूक, असे विचारणाऱ्या प्रेक्षकांना हॅमेटने दिलेले उत्तर कदाचित हेच असावे. माणूस बरोबर असू शकतो, आणि तरीही त्याच्याजवळ उभे राहणे नकोसे होऊ शकते.

सत्तावीस वर्षांचे मौन

'द ग्लास की' १९३१ साली आणि 'द थिन मॅन' १९३४ साली आली. अवघ्या पाच वर्षांत पाच कादंबऱ्या लिहून हॅमेट थांबला तो थांबलाच. त्यानंतर तो सत्तावीस वर्षे जगला, पण एकही कादंबरी त्याने पूर्ण केली नाही.

या मौनाची कारणे अनेकांनी शोधली. चित्रपटसृष्टीचा पैसा धो धो आला आणि तसाच गेला. दारू हे एक कारण होतेच. त्या काळातले त्याचे वर्तन अभिमानाने सांगावे असे नव्हते. एका अभिनेत्रीने केलेल्या मारहाणीच्या दिवाणी दाव्यात १९३२ साली न्यायालयाने त्याच्याविरुद्ध अडीच हजार डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला होता. १९३० साली हॉलिवूडमध्ये भेटलेल्या लिलियन हेलमनशी जुळलेले नाते मात्र अखेरपर्यंत टिकले. तिच्या नाटकांचे खर्डे तो निर्दयपणे तपासत असे. स्वतःच्या कागदावर मात्र त्याला काही उमटवता येत नव्हते.

जी जागा लेखनाने रिकामी केली, ती राजकारणाने भरली. तिशीच्या दशकात हॅमेट कम्युनिस्ट पक्षाकडे वळला. ज्या संस्थेने संप मोडले तिचा माजी नोकर कामगारांच्या बाजूने उभा राहिला, हे वळण चरित्रकारांना मोहवते. परंतु त्याची निष्ठा डोळस होती असे म्हणता येत नाही. स्टालिनच्या राजवटीतील मॉस्को खटल्यांचे समर्थन करणाऱ्या १९३८ सालच्या निवेदनावर त्याची स्वाक्षरी आहे. निरपराधांना बळजबरीच्या कबुलीजबाबावरून मृत्युदंड देणारे ते खटले होते. कोणत्याही कबुलीवर सहज विश्वास न ठेवणारा गुप्तहेर ज्याने घडवला, त्याने त्या कबुल्या मानल्या. हॅमेटची बाजू मांडताना हे झाकून चालणार नाही.

१९४२ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने पोखरलेली फुप्फुसे घेऊन तो पुन्हा लष्करात साधा सैनिक म्हणून दाखल झाला. अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांपैकी ॲडॅक या उजाड, वादळी बेटावर त्याची नेमणूक झाली. तेथे त्याने सैनिकांसाठी 'द ॲडॅकियन' हे दैनिक काढले. विशीतली पोरे त्याच्या हाताखाली बातमी लिहायला शिकत.

साक्षीदाराचा पिंजरा

महायुद्ध संपले आणि अमेरिकेत कम्युनिस्टविरोधी लाट उसळली. सिव्हिल राइट्स काँग्रेस या संस्थेने राजकीय खटल्यांतील आरोपींच्या जामिनासाठी एक निधी उभा केला होता. हॅमेट त्या निधीच्या विश्वस्तांचा अध्यक्ष होता. १९४९ साली कम्युनिस्ट पक्षाचे अकरा नेते दोषी ठरले, आणि १९५१ साली शिक्षा भोगण्यासाठी हजर होण्याची वेळ आली तेव्हा त्यांपैकी चौघे फरार झाले. निधीला पैसे कोणी दिले, ही नावे कळली तर फरार्‍यांचा माग लागेल, अशी सरकारची भूमिका होती. विश्वस्तांना न्यायालयात बोलावण्यात आले.

९ जुलै १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश सिल्व्हेस्टर रायन यांच्यापुढे हॅमेट साक्षीला उभा राहिला. पैसे देणाऱ्यांची नावे त्याने सांगितली नाहीत. निधीच्या कागदपत्रांवरील आद्याक्षरे आपली आहेत की नाहीत, एवढेही सांगायला त्याने नकार दिला. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या घटनात्मक हक्काचा आधार घेऊन तो प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर देत राहिला. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्याला सहा महिन्यांची कैद झाली. त्याच्यासारखेच गप्प राहिलेले त्याचे सहकारी विश्वस्तही तुरुंगात गेले.

हेलमनने पुढे लिहिले, त्यानुसार त्याला त्या निधीच्या देणगीदारांपैकी एकाचेही नाव मुळात ठाऊकच नव्हते. हे खरे असेल, तर मला माहीत नाही एवढे एक वाक्य त्याला सोडवू शकले असते. ते खरे असूनही त्याने उच्चारले नाही, कारण असले प्रश्न विचारण्याचा अधिकारच त्याला मान्य नव्हता. हेलमनचे म्हणणे सोडून दिले, तरी न्यायालयातील त्याच्या नकाराची नोंद शिल्लक राहते.

येथे पुन्हा सॅम स्पेड आठवतो. पोलीस आणि सरकारी वकील स्पेडलाही उलटसुलट प्रश्न विचारतात आणि तोही अशिलाचे नाव सांगत नाही. परंतु शेवटी, फास आपल्याच गळ्याभोवती आवळतो आहे असे दिसताच, तो हिशेब मांडतो आणि दुसऱ्याला पुढे करतो. त्याला निर्माण करणाऱ्यावर तीच वेळ आली, तेव्हा त्याने हिशेब मांडला नाही. पडद्यावरच्या स्पेडला तत्त्वनिष्ठ म्हणणाऱ्यांनी आणि त्याला कोरडा म्हणणाऱ्यांनीही ही दोन दृश्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. एकाने खुनी स्त्रीला कायद्याच्या स्वाधीन केले. दुसऱ्याने कायद्याने मागितलेली नावे दिली नाहीत. दोन्हीकडे भागीदाराशी इमान राखण्याचाच प्रश्न होता. फरक एवढाच, की स्पेडच्या इमानाची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली, आणि हॅमेटच्या इमानाची किंमत स्वतः हॅमेटने.

किंमत

ती किंमत थोडी नव्हती. केंटकी राज्यातील ॲशलँड येथील तुरुंगात सत्तावन्न वर्षांच्या या प्रख्यात लेखकाला संडास धुण्याचे काम मिळाले. जवळजवळ बावीस आठवड्यांनी, डिसेंबर १९५१ मध्ये तो सुटला, तेव्हा प्रकृती पार ढासळलेली होती. सॅम स्पेडच्या कथांवरील रेडिओ मालिका १९४६ पासून लोकप्रिय होती. १९५१ साली ती बंद पडली. प्राप्तिकर खात्याने एक लाख डॉलरहून अधिक थकबाकीचा दावा लावला आणि जे काही उत्पन्न येईल ते जप्त होऊ लागले.

मार्च १९५३ मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या समितीपुढे त्याला पुन्हा उभे करण्यात आले. विदेशातील अमेरिकी ग्रंथालयांत त्याची पुस्तके का असावीत, हा वादाचा विषय होता. कम्युनिझमशी लढायचे तर अशी पुस्तके तुम्ही स्वतः विकत घेतली असती काय, असे मॅकार्थी यांनी विचारले. कम्युनिझमशीच लढायचे असते तर आपण लोकांच्या हाती कोणतेच पुस्तक पडू दिले नसते, अशा आशयाचे उत्तर हॅमेटने शांतपणे दिले. पुस्तके काही ग्रंथालयांतून काढण्यात आली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आपण ती काढली नसती असे म्हटल्यानंतर ती परत ठेवली गेली.

याच सुमारास एक वेगळा खटला निकाली निघाला. सॅम स्पेड हे पात्र कोणाचे, हा प्रश्न त्यात होता. कादंबरीचे हक्क घेतले म्हणजे पात्रही आपल्याच मालकीचे झाले, असे वॉर्नर ब्रदर्सचे म्हणणे होते. १९५४ साली अपील न्यायालयाने ते अमान्य केले. लेखकाने एका कथेचे हक्क विकले, म्हणून तिच्यातील पात्र पुन्हा वापरण्याचा अधिकार तो गमावत नाही, असा तो निकाल होता. लेखकांच्या हक्कांच्या चर्चेत आजही या निकालाचा दाखला दिला जातो. स्पेड पुन्हा हॅमेटचा झाला, पण तोवर हॅमेटची लेखणी पार वाळून गेली होती.

अखेरची वर्षे न्यूयॉर्कजवळील कॅटोना येथे एका लहानशा घरात आणि मग हेलमनच्या आश्रयाला गेली. 'ट्युलिप' या आत्मचरित्रात्मक कादंबरीची काही प्रकरणे त्याने लिहिली आणि सोडून दिली. १० जानेवारी १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात फुप्फुसाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. दोन महायुद्धांतील सैनिक या नात्याने आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळण्याचा त्याला हक्क होता. ज्या सरकारने त्याला तुरुंगात धाडले, त्याच सरकारच्या जमिनीत, इतर सैनिकांच्या रांगेत, एका साध्या पांढऱ्या दगडाखाली त्याला विसावा मिळाला.

मागे राहिली कर्जे. ती फेडण्यासाठी त्याच्या सर्व लेखनाचे हक्क विक्रीला निघाले, तेव्हा हेलमन आणि तिच्या एका मित्राने मिळून ते पाच हजार डॉलरला घेतले. १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यासाठी निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत 'द माल्टीज फाल्कन'चा समावेश झाला. सॅन फ्रान्सिस्कोत एका गल्लीला हॅमेटचे नाव मिळाले. आणि २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात चित्रपटासाठी बनवलेला शिशाचा ससाणा चाळीस लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. ज्या कथेचा सारा भर तो पक्षी कवडीमोल निघण्यावर आहे, त्या कथेतील तो नकली पक्षी खरोखरच मौल्यवान ठरला. हे वाचून हॅमेट बहुधा हसला असता, आणि त्यावर काहीही बोलला नसता.